मूळ घर कोणाचे?

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस विषय दिला तो 'येवले गाव आणि आपली घराणी' असा. याच मथळ्याचा एक लेख आम्ही काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत लिहिला होता. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो अंक असेल. त्या लेखात एक वाक्य आहे. रघोजी नाईक यांनी येवले वसविले, तेव्हा पैठणहून विणकरांची जी पहिली तुकडी त्यांनी आणली तीत आमचे मूळ पुरुष होते, असे ते वाक्य. ते आम्ही मोठ्या अभिमानाने लिहिले आणि त्यापुढे आमच्या घराण्याची वंशावळही छापली. आज उभे राहण्याचे मुख्य कारण असे की ते वाक्य खरे नाही. हे आम्हांस कसे कळले ते सांगितल्यावाचून आम्हांस दुसऱ्या घराण्यांविषयी बोलण्याचा अधिकार पोचत नाही.

प्रथम गावाविषयी थोडे सांगतो, कारण बाहेरगावच्या मंडळींस ते ठाऊक असेलच असे नाही. येवले हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. रघोजी नाईक यांनी ते वसविले आणि बाहेरचे कसबी विणकर आणून येथे स्थिर केले, ही परंपरा गावात सर्वमान्य आहे. प्रथम दिल्लीच्या बादशाहीकडे, मग साताऱ्याच्या छत्रपतींकडे, मग पेशव्यांकडे असा या गावाचा प्रवास झाला, आणि माधवराव पेशव्यांनी ते विंचूरकरांस दिले. 1858 साली येथे नगरपालिका स्थापन झाली. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि येवल्याचा माल आगगाडीत चढू लागला. गावाभोवती मातीचा तट होता. तो पडत पडत गेला. रेशीम, जर आणि पैठणी यांवर हे गाव जगले. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा अनेक जातींचे हात त्या एका वस्त्राला लागले आहेत, हे आपण आपल्या ज्ञातीच्या सभेत बोलताना विसरू नये. पैठणी एकट्या कोणत्याही ज्ञातीची नाही.

गावाच्या थोरवीचे वर्णन करताना आपण तात्या टोपे यांचे हे जन्मस्थान असे आवर्जून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली तीही याच गावी. आमच्या जुन्या स्मरणिका आम्ही चाळून पाहिल्या. त्यांत तात्या टोपे वारंवार भेटतात. 1935 ची परिषद आम्हांस एकदाही आढळली नाही. आमच्या स्वतःच्या लेखातही ती नव्हती. इतिहास लिहिताना आपण काय गाळतो, याचा हा एक नमुना म्हणून सांगितले. आता मूळ विषयाकडे वळतो.

येवल्याच्या रेशमी धंद्याविषयी एक गोष्ट अशी आहे की जिचा उच्चार आपल्या सभांतून क्वचितच होतो. रेशमी कापड विणण्याचा मक्ता नगराच्या मूळ संस्थापकास राजसनदेने मिळालेला होता. राज्ये बदलली तरी तो मक्ता टिकून राहिला, आणि इंग्रजी अमलातही चालू राहिला. अखेर 1864 साली मुंबईच्या हायकोर्टाने तो रद्द ठरविला. हायकोर्ट स्थापन होऊन तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. याचा अर्थ असा की 1864 पूर्वी येवल्यात रेशमाचा माग मांडणे हे ज्याला वाटेल त्याच्या हाती नव्हते, आणि त्यानंतर ते झाले. आम्ही पहिला लेख लिहिला तेव्हा हे साल आम्हांस ठाऊक होते. त्याचा आमच्या घराशी काही संबंध असेल हे मात्र ध्यानीमनी नव्हते. आपण तर संस्थापकाबरोबर आलेले. मक्ता मोडला काय आणि राहिला काय, आपले बस्तान आधीचेच, अशी आमची समजूत.

ही समजूत आली कोठून? आमचे आजोबा सांगत, म्हणून वडील सांगत, म्हणून आम्ही सांगत होतो. कागद एकही नव्हता. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. देशपांडे, कुलकर्णी, पाटील यांच्या घरी जुने कागद असतात, कारण वतन होते. वतनासाठी तंटे झाले, तंट्यांसाठी महजर झाले, आणि पुढे 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनचा तपास सुरू झाल्यावर ज्याने कागद जपला नाही त्याचे इनाम धोक्यात आले. म्हणून त्यांनी कागद जिवापाड जपले. विणकराचे वतन म्हणजे त्याचे दोन हात आणि दोन पाय. त्यांची सनद कोणी लिहून देत नाही. तेव्हा आपल्या घराण्यांचा इतिहास दफ्तरात सापडत नाही म्हणून तो नाहीच असे समजणे चूक, आणि दफ्तर नाही म्हणून मनास येईल तो इतिहास रचणे ही दुसरी चूक. आम्ही ही दुसरी चूक केली.

आमच्या थोरल्या आत्या नव्वदी ओलांडून वारल्या. त्यांच्या हयातीत घरात जितकी लग्ने झाली तितक्यांत हळदीच्या आधी त्या पाच विडे मांडीत. एक कुलस्वामिनीस, एक भगवान जिव्हेश्वरास, एक ग्रामदेवतेस, एक पितरांस, आणि पाचवा प्रवरामाईस. आम्ही लहानपणापासून ते पाहत आलो. एकदा आम्ही त्यांना विचारले, "आत्या, आपण पैठणचे. पैठण गोदावरीवर. मग विडा प्रवरेला का?" आत्या म्हणाल्या, "बाळ, माझ्या आईनं मांडला, तिच्या सासूनं मांडला. सासरच्या पाण्याला विडा द्यावा लागतो." शेजारी बसलेले आमचे काका हसून म्हणाले, "बायकांचे शास्त्र! पुढं प्रवरा गोदावरीलाच मिळते, म्हणून मांडीत असतील." आम्हीही हसलो. हा प्रसंग आज आठवला म्हणजे मान खाली जाते. घरातील एकमेव खरा पुरावा ताटात मांडलेला होता, आणि आम्ही त्यावर विनोद केला.

आत्या गेल्यानंतर त्यांच्या क्रियेच्या निमित्ताने आम्ही त्र्यंबकेश्वरास गेलो. तेथील तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात हे आपण सर्व जाणता. यजमान आला की त्याचे गाव, जात, वडील, आजा, भाऊ, मुलगे यांची नावे आणि येण्याचे कारण उपाध्याय लिहून घेतात, आणि ज्याला लिहिता येत असेल तो खाली आपल्या हाताने सही करतो. कोणत्या गावाचे यजमान कोणत्या उपाध्यायांकडे हे ठरलेले असते. आमचे उपाध्याय वयस्क गृहस्थ. त्यांनी लाल कापडात बांधलेली येवल्याची वही काढली आणि आजोबांची, पणजोबांची नोंद दाखविली. त्यामागे काही मिळेना. आम्ही म्हटले, "गुरुजी, आमचे घराणे तर गाव वसल्यापासूनचे. मागच्या नोंदी असल्याच पाहिजेत." त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "येवल्याच्या वहीत नसतील तर दुसऱ्या गावाच्या वहीत असतील. आपले पूर्वीचे गाव कोणते?" आम्ही पैठण म्हणालो. पैठणच्या यजमानांत आमचे आडनाव निघाले नाही. तेव्हा का कोण जाणे, आत्यांचा पाचवा विडा आठवला. आम्ही म्हणालो, "प्रवरेकाठचे काही पाहाल काय?"

नोंद मिळण्यास उशीर लागला नाही. प्रमोदनाम संवत्सर, शके 1792, मार्गशीर्ष मास. म्हणजे इसवी सन 1870 चा अखेर. आमच्या खापरपणजोबांचे नाव, त्यांच्या मृत वडिलांचे नाव, आणि पुढे मोडीत स्पष्ट अक्षरांत: जात साळी, मूळ संगमनेर, हल्ली वस्ती येवले. मक्ता मोडून सहा वर्षे झाली होती.

ते पान आम्ही बराच वेळ पाहत बसलो. आमच्या छापील वंशावळीत याच खापरपणजोबांच्या वर सहा पिढ्यांची नावे येवल्याची म्हणून दिलेली होती. ती कोणी घातली असतील? आजोबांनी ती एका जुन्या वहीत लिहून ठेवली होती, एवढेच आम्हांस माहीत. त्यांतील एकही नाव उपाध्यायांच्या नोंदीतील नावाशी जुळत नाही. आजोबा खोटे माणूस नव्हते. त्यांच्या काळी आपल्या ज्ञातीत मानपानाचे तंटे जोरात होते, आणि जुन्या घरांत गणना व्हावी असे कोणास वाटणार नाही? एखाद्या जाणत्या भाटाने वा स्नेह्याने नावे सांगितली असतील आणि त्यांनी विश्वासाने उतरून घेतली असतील. आम्ही मात्र शिकलेले. आम्ही ती पडताळून न पाहता छापली, हा दोष आमचा आहे, त्यांचा नाही.

घरी परतल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत खात्याच्या लांब वह्या होत्या. मोडी येत नाही म्हणून आजवर त्या तशाच पडल्या होत्या, आणि दोन वह्यांचे कडेचे भाग वाळवीने खाल्ले होते. मोडी जाणणारे एक निवृत्त शिक्षक आमच्या आळीत आहेत. त्यांनी आठ-दहा संध्याकाळी येऊन त्या वाचून दाखविल्या. त्यांतून जे निघाले ते कोणत्याही सनदेहून आम्हांस मोलाचे वाटते. आरंभीच्या पानांवर फक्त सुताचा जमाखर्च. म्हणजे आमचे पूर्वज रेशमाचे विणकर नव्हतेच; संगमनेरास सुती लुगडी विणणारे ते लोक. पुढे एका पानावर प्रथम रेशीम येते, आणि तेही थोडे: व्यापाऱ्याकडून तोलून घेतले, कापड झाल्यावर तोलून परत दिले, घट किती आली ती लिहिली, मजुरी मांडली, आणि मजुरीतून मागील बाकी वजा केली. पहिल्या काही कापडांत घट जास्त आहे. शिक्षक म्हणाले, "हात शिकत होता." मग घट कमी कमी होत जाते. पुढे जर येते. बाकी मात्र कोणत्याच दिवाळीस पुरती फिटलेली दिसत नाही.

मंडळी, आपल्या घराण्यांचा इतिहास पाहावयाचा तर तो असा आहे. बाहेरगावचा एक सुती विणकर, वडील वारलेले, पाठीशी कोणी नाही, नवे दार उघडले असे ऐकून येवल्यास येतो, कोणा दुसऱ्याच्या मागावर बसून रेशमाचा हात शिकतो, सावकाराच्या बाकीत जन्म काढतो आणि मुलाला पैठणीचा पदर विणता येईल इतका तयार करतो. संस्थापकाच्या घोड्यामागून मिरवत आलेला जो पूर्वज आम्ही छापला होता, त्याच्याहून हा आम्हांस अधिक जवळचा वाटतो. ज्याने त्यास रेशमाचा हात दिला तो कोणत्या जातीचा होता हे वहीत नाही. आपल्याच ज्ञातीचा असेल असे धरून चालण्याचे कारण नाही.

आणि त्या वहीत एक नाव कोठेच नाही. मजुरी पुरुषाच्या नावे मांडली आहे. परंतु माग चालतो कसा हे आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. घरधनी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसे, हे खरे. पण रेशमाच्या लडी असारीवर चढवून उकलायच्या, तुटलेला धागा सांधायचा, कांड्या भरायच्या, हे काम घरातील बायका आणि मुली पहाटेपासून करीत. त्यांनी कांडी भरली नाही तर धोटा रिकामा. येवल्याच्या संक्रांतीस बाहेरचे लोक पतंगांची मौज पाहण्यास येतात आणि मांज्याची असारी पाहून नवल करतात. ज्यांच्या घरी माग होता त्यांस असारीचे नवल कसले! ती उभा जन्म आई-आजीच्या हातात फिरताना त्यांनी पाहिली आहे. उपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांच्या आईचे नाव एकदा येते, ते पिंडासाठी. खापरपणजीचे नाव आम्हांस कोठेही मिळाले नाही. पाचवा विडा मांडण्याची रीत बहुधा त्यांनीच येवल्यात आणली.

आमच्या घरी आज माग नाही. वडिलांनी तो बंद केला आणि धाकटे काका मुंबईस गिरणीत गेले. 1982 च्या संपानंतर ते परत आले ते रिकाम्या हातांनी. तोवर मागाच्या खोलीतील खड्डा मुरूम घालून बुजविला होता आणि वर फरशी बसली होती. काका त्या खोलीत येऊन एका ठराविक जागी उभे राहत, पायाने फरशी चाचपीत. अशा बुजलेल्या जागा आपल्यापैकी कितीकांच्या घरांत असतील. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे गेलेल्या आपल्या कुटुंबांनी तर जुनी घरेच विकून टाकली.

हल्ली जुन्या नोंदींचा शोध आपले लोक घेतात, नाही असे नाही. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर, नगरपालिकेची जन्म-मृत्यूची नोंद, घराचे खरेदीखत, सर्व शोधले जाते. दाखल्यापुरती एक नोंद हाती आली की शोध थांबतो, आणि ज्या पेटीतून ती निघाली ती पेटी रद्दीवाल्याकडे जाते. आमची विनंती एवढीच की पेटी देण्यापूर्वी तीतील प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. आता खिशातील फोनवर हे काम होते, खर्च काही नाही. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद टाकू नये. वाचणारे अजून आहेत. आणि घरातील वृद्ध स्त्रियांस लग्नाच्या, सणाच्या, नैवेद्याच्या रीती विचारून लिहून घ्याव्यात, त्या अर्थहीन वाटल्या तरी. कशात काय दडलेले असेल ते आपणांस ठाऊक नसते.

आता जी गोष्ट बोलण्यास आम्हांस जड जाते ती बोलतो. श्रावण शुद्ध त्रयोदशीस भगवान जिव्हेश्वर जयंतीची पालखी निघते तेव्हा पहिल्या आरतीचे ताट आमच्या घराकडे असते. 'मूळ घर' म्हणून ते आमच्याकडे आले, आणि आमच्या छापील वंशावळीने त्या मानावर शिक्का मारला. त्या आरतीवरून मागे एकदा दुसऱ्या एका घराशी आमच्या घराचे बोलणे तुटले होते, ते दहा-बारा वर्षे तुटलेलेच राहिले. त्या घरच्या लग्नास आमच्याकडून कोणी गेले नाही आणि आमच्या वडिलांच्या अंत्ययात्रेस त्यांच्याकडून कोणी आले नाही. हे सर्व एका वाक्यापायी. ते वाक्य खोटे होते.

आमचे थोरले बंधू येथे बसले आहेत. उपाध्यायांच्या वहीतील नोंद आम्ही त्यांस दाखविली तेव्हा ते म्हणाले, "एका जुन्या कागदासाठी घराचा मान घालवतोस? कोण विचारायला आले होते तुला?" आम्ही म्हटले, "दादा, कोणी विचारले नाही, म्हणूनच सांगायला हवे." ते त्या दिवशी रागावून उठून गेले. पुढे चार-सहा महिने या विषयावर बोलणे झाले नाही. काल रात्री मात्र त्यांनी होऊन विचारले, "उद्या सांगणार आहेस ना?" आम्ही होय म्हणालो. ते म्हणाले, "मग मी पुढच्या रांगेत बसतो." आज ते खरोखरीच पुढच्या रांगेत बसले आहेत, हे आमच्यावर त्यांचे ऋण आहे.

तेव्हा आम्ही दोघे भाऊ मिळून मंडळापुढे असे मांडतो की आरतीचा पहिला मान आमच्या घराकडे ज्या कारणाने आला ते कारण उरलेले नाही. म्हणून ते ताट आम्ही मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत. ते पुढे कोणाकडे द्यावे हे मंडळाने ठरवावे. आमचे वैयक्तिक मत विचाराल तर ते एखाद्या दुसऱ्या 'मूळ घरा'स देऊ नये. त्या घराने तरी आपल्या वह्या पाहिल्या आहेत काय? त्या वर्षी ज्या घरी माग चालू असेल अशा घरातील वडील बाईच्या हाती ते द्यावे असे आम्हांस वाटते. हे काहींस रुचणार नाही, याची कल्पना आहे.

एक शेवटचे निवेदन. त्र्यंबकेश्वरच्या नोंदीत खापरपणजोबांच्या नावाखाली त्यांच्या धाकट्या भावाचे नाव आहे, आणि त्यापुढे 'संगमनेरी आहे' असे लिहिले आहे. म्हणजे एक भाऊ येवल्यास आला, एक तेथेच राहिला. त्या धाकट्या भावाचा वंश कोठे गेला हे आम्हांस कळलेले नाही. संगमनेरच्या वहीत पुढे आणखी दोन नोंदी आहेत, आणि मग काही नाही. आडनाव पुढे बदललेलेही असेल. या सभेत मूळ संगमनेरची अशी काही कुटुंबे असतील, ज्यांच्या घरी कोणी थोरला चुलता येवल्यास गेल्याची गोष्ट सांगत असतील, किंवा ज्यांच्या घरी लग्नात प्रवरेस विडा मांडत असतील, तर त्यांनी भोजनानंतर आम्हांस अवश्य भेटावे. नोंदीचे छायाचित्र आम्ही बरोबर आणले आहे, आणि त्यावरील नावे आम्ही त्यांस वाचून दाखवू.